पोवळं सोडून काहीही मागा

आमच्या येरमाळ्यात देवीच्या वाटेवर खड्यांच्या अंगठ्या विकणारे बरेच आहेत, पण आलेलं गिऱ्हाईक हुसकावून लावणारे एकटे गेनबामामाच. माझं नारळाचं दुकान त्यांच्या शेजारी, त्यामुळं हा तमाशा मला रोज फुकटात बघायला मिळतो.

पुष्कराज मागा, गोमेद मागा, मामा लगेच काढून देतात. पोवळं मागितलं की त्यांचा चेहराच बदलतो. "समुद्र बगितलाय का कंदी?" ते विचारतात. गिऱ्हाईक असतं इथल्याच आसपासच्या वाशीचं नाहीतर सोनारीचं. त्याला मंगळ शांत करायचा असतो, समुद्राशी त्याचं काय घेणं? मामांनी तरी कुठं बघितलाय! पण सांगणार असं, की जणू रोज पोहून येतात.

"ह्यो दगुड न्हाय, बाबा. बारक्या बारक्या जिवांनी बांधलेलं घर हाय. पिढ्यान् पिढ्या बांधत्यात. त्येच्या कपारीत माशाची पिल्लं वाढत्यात, तवा कोळ्याच्या पोटाला मिळतं. लाट आली तर निम्मा जोर तितंच मोडतो. आन तू ते बोटात घालून मिरवनार व्हय?"

गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. मामी कपाळावर हात मारून घेतात.

खरं सांगतो, ऐकून ऐकून मलाही नाद लागला. इवल्याशा जिवांना एवढं बांधायचं सुचतं तरी कसं? मी मोबाइलवर वाचायला लागलो आणि एक दिवस मामांना खिंडीत गाठलं. "मामा, अंगठीतलं लाल पोवळं लांबच्या खोल समुद्रातलं असतंय. तुमी सांगता ते किनाऱ्याजवळचं, येगळं."

मामांनी हातातला खडा पुसून ठेवला. मग म्हणाले, "भावकीतलंच की!"

मी मोबाइल खिशात घातला.

मामांना हे ज्ञान कुठून मिळालं, ते मात्र सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, सुमननं, मालवणकडच्या मासेमारी करणाऱ्या मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं. सहा वर्षं झाली, मामा तिच्याशी बोललेले नाहीत. ती मामींना फोन करते, मामी मुद्दाम स्पीकर लावतात आणि मामा पाठ करून खडे पुसत बसतात. एकदा सुमन म्हणाली, पाणी तापलं की पोवळी पांढरी पडतात, ती मेली की मासाही जातो, मग आम्ही खायचं काय? त्याच संध्याकाळी मामांनी पोवळ्यांची डबी फडक्यात बांधून वरच्या फळीवर टाकली.

यंदा टीव्हीवर कोकणातल्या वादळाची बातमी आली, तेव्हा मामी माहेरी होत्या. मामा माझ्या दुकानात आले. "तुज्या मोबाइलवरनं एक फोन लाव."

नंबर त्यांना तोंडपाठ होता. कधीही न लावलेला नंबर!

"सुमे," मामा म्हणाले. "तुमच्याकडची पोवळी... हाईत का शाबूत?"

स्पीकरवर रडतच उत्तर आलं, "हाईत, आण्णा. घरात पानी न्हाय आलं. समदी बरी हाव."

मामा माझ्या नारळाच्या पोत्यावर बसले. मी उगाच नारळ रचत राहिलो.

"येऊन बगावं म्हन्तो," मामा म्हणाले.

"पोवळी?"

"न्हाय गं. तुला."