लांब मारून बाकावर बसणारी निधी

जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये गुन्हे कमी घडतात कारण आपण तिथे राहतो, असं गुरुदत्तचं प्रामाणिक मत होतं. तीक्ष्ण नजर, अफाट तर्कशक्ती आणि शेजाऱ्यांच्या घरी काय शिजतंय ते जिन्यातच ओळखणारं नाक, एवढं सगळं एकाच माणसाला देऊन देवाने बाकीच्यांवर अन्याय केला, याचं त्याला वाईटही वाटे. नोकरीत तो सॉफ्टवेअरमधले बग शोधायचा, म्हणजे पगारी गुप्तहेरच. इमारतीच्या केलरमधून, म्हणजे तळघरातून, सायकल चोरीला गेल्याचं प्रकरण त्याने चुटकीसरशी सोडवलं होतं. सायकल तो स्वतःच स्टेशनवर विसरला होता, एवढा तपशील तो सांगताना गाळत असे.

यावेळी मात्र प्रकरण घरातलं होतं. त्याची पाच वर्षांची लेक निधी टी-बॉल शिकत होती. टी-बॉल म्हणजे बेसबॉलची बालवाडी. रबरी दांड्यावर चेंडू ठेवायचा, बॅटने मारायचा आणि बेसना, म्हणजे जमिनीवरच्या चौकोनी गाद्यांना, पाय लावत गोल पळत परत यायचं. गोलंदाज नावाचा प्राणीच नाही. चेंडू हळू लागला तर निधी छान पळायची. पण सणसणीत बसून मैदानाच्या कडेच्या केशरी शंकूंपलीकडे गेला, की बॅट अलगद खाली ठेवून, मान खाली घालून ती बाकावर जाऊन बसायची. सगळे "लाउफ, निधी, लाउफ!", म्हणजे पळ, असं ओरडायचे. ती ढिम्म.

"शनिवारच्या सामन्यातही पळाली नाही, तर तिला परत छोट्यांच्या गटात पाठवावं लागेल," ट्रेनर टोर्स्टनने सांगितलं. छोट्यांच्या गटात मुलं गवत खात बसत. ते ऐकून निधी ट्राममध्ये घरापर्यंत मुसमुसत राहिली आणि गुरुदत्तने प्रकरण हाती घ्यायचं ठरवलं. शिवाय पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर 'लेक बेसबॉल गाजवतेय' असं त्याने आधीच टाकून ठेवलं होतं.

तपास सुरू झाला. पहिला संशय लाचेचा. बाकावर एका मुलाची आई गमीबेअरच्या गोळ्यांचा डबा घेऊन बसायची. गुरुदत्तने डबा मागून घेऊन पुरावा तपासला. तपासता तपासता पुरावा संपला, आणि त्या बाईंनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

दुसरा सिद्धांत संस्कारांचा. "बेस पांढरेशुभ्र असतात. घरात आपण बूट काढतो. पोरीला बुटाचा पाय लावायला संकोच वाटतो. गेनाऊ, अगदी हेच!" पुढच्या सरावाला त्याने तिचे बूटच काढून घेतले. निधी चिखलाने भरलेले मोजे घालून बाकावर बसली, आणि पालकांनी दोरीच्या मागे उभं राहायचं असतं हे टोर्स्टनने गुरुदत्तला अत्यंत शांतपणे समजावलं.

"आता उलगडलं!" घरी येऊन तो बायकोला म्हणाला. "टोर्स्टनच! चेंडू लांब गेला की तो शिट्टी वाजवतो. हे संमोहन आहे."

अरुंधती भेंडी चिरत होती. "तिला विचारलंस का?"

"अगं, थेट विचारलं की साक्षीदार सावध होतो."

"साक्षीदार पाच वर्षांची आहे, गुरू." अरुंधतीने सुरी खाली ठेवली. "निधी, बॉल लांब गेला की तू पळत का नाहीस गं?"

निधीने चित्र रंगवता रंगवता सांगितलं, "युबर डी हेके इस्ट आउस. हाट पापा गेझाक्ट."

कुंपणापलीकडे गेला की आऊट. बाबा म्हणाला.

घरामागच्या होफमध्ये, म्हणजे अंगणात, निधीला क्रिकेट शिकवलं होतं ते गुरुदत्तनेच. कुंपणापलीकडे शेजारीण फ्राऊ ब्रिंकमानच्या ट्युलिपांत चेंडू पडला की आऊट, बॅट खाली, आणि जाऊन माफी मागून चेंडू आणायचा, हा पुण्याच्या गल्लीतला कायदा त्याने जसाच्या तसा आयात केला होता. पोरगी तो इमानेइतबारे पाळत होती. गुन्हेगार अखेर सापडला होता आणि तोंड उघडं टाकून फ्रिजला टेकून उभा होता.

मग तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "सॉरी, पिल्लू. तिथे लांब गेला तर आऊट नसतं. तिथे लांब मारलेलं सगळ्यांना आवडतं."

"एश्ट? खरंच?" निधीने डोळे बारीक केले.

"अगदी एश्ट."

शनिवारी निधीने असा काही टोला हाणला की चेंडू शंकूंच्या पार गेला. तिने बॅट खाली ठेवली आणि दोरीकडे पाहिलं.

"पळ!" गुरुदत्त मराठीत किंचाळला.

निधी पळाली. पहिला बेस, दुसरा, तिसरा, आणि थेट सुरुवातीच्या जागी! पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, टोर्स्टन उड्या मारू लागला, आणि गुरुदत्तचे डोळे भरून आले. पण निधी थांबलीच नाही. ती तशीच मैदान ओलांडत, शंकूंपलीकडे गवतात चेंडू शोधणाऱ्या पोरापर्यंत गेली.

"ती कुठे चालली?" टोर्स्टनने विचारलं. गुरुदत्त गुपचूप आभाळाकडे बघू लागला.

निधी त्या पोरासमोर हात मागे बांधून उभी राहिली आणि अदबीने माफी मागत म्हणाली, "एंटशुल्डिगुंग." पोराने गोंधळून चेंडू तिच्या हातात ठेवला. तो घेऊन ती धावत बाबाकडे आली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"बाबा, हा किती चांगला आहे! फ्राऊ ब्रिंकमान एवढ्या पटकन कधीच देत नाहीत."