दही आणि माझे दोन गाल

गुरुवार, ९ जानेवारी २०२५. कडाक्याची थंडी, प्रवरेवर नऊपर्यंत धुकं. त्या दिवशी मी दाढी करायचं ठरवलं. इथूनच सगळं बिघडलं.

भारती, म्हणजे आमची सौभाग्यवती, सहा महिने नाशिकला मुलीचं बाळ सांभाळते आहे. कोल्हारच्या घरात मी एकटा, त्यामुळे दाढी महिनाभर वाढली होती. ती काढल्यावर दोन्ही गालांवर लाल चट्टे दिसले. व्हिडिओ कॉलवर भारतीलाही दिसले. जेवता काय, असं तिने विचारलं. मी खरं सांगितलं (चूक झाली) : सकाळी वडापाव, रात्री फरसाण.

"सव्वीस तारखेला येते मी," ती म्हणाली. "तोवर डॉक्टरला दाखवा."

मी तोंड गंभीर ठेवलं. फोन ठेवल्यावर दोनदा घर झाडलं.

राहात्याच्या त्वचेच्या डॉक्टरांनी गालांआधी पोटाची चौकशी केली. पोटातल्या चांगल्या जंतूंचा कातडीशी संबंध असू शकतो, अभ्यास अजून चालू आहे, नुसत्या दह्याने जाईल असं मी म्हणत नाही, असं सांगून त्यांनी मलम दिलं, बाहेरचं खाणं बंद केलं आणि घरचं ताजं दही रोज खायला सांगितलं.

विरजण मागायला शेजारच्या बायडाबाईंकडे गेलो, तेव्हा दिवेलागण झाली होती. या वेळेला दही घराबाहेर देत नाहीत, असं म्हणून त्यांनी परत पाठवलं. सकाळी मिळालं, पण थंडीत दही लागेना. पहिल्या दिवशी दूध, दुसऱ्या दिवशीही दूधच. तिसऱ्या दिवशी पातेल्याला भारतीचा जुना स्वेटर घातला आणि माझ्याशेजारी गोधडीत ठेवलं. सकाळी दही घट्ट. (सहा महिन्यांत त्या बाजूला प्रथमच ऊब होती.)

बायडाबाईंनी ते पाहिलं. "वयनी न्हाई म्हनून पातेल्याला सेटर घातला व्हय, भाऊजी?"

मी पातेलं उचलून आत नेलं. चट्ट्यांची मापं पट्टीने घेऊन रोज वहीत लिहीत गेलो. दहाला डावा तीन सेंटिमीटर, सोळाला दीड, बावीसला शून्य. शून्य लिहिलं आणि वही मिटली. चट्टे गेले तर भारती कशाला येईल?

तेवीसला स्टँडवर जाऊन दोन प्लेट मिसळ खाल्ली, वर जादा तर्री. संध्याकाळी भजी. रात्रभर वाट पाहिली. पोटाने हूं की चूं केलं नाही. सकाळी गाल आणखी तुकतुकीत.

चोवीसला भारतीचा कॉल आला, तेव्हा मी मोबाईल छताकडे धरला.

"चेहरा दाखवा."

"लाईट गेलीय."

"मग मला हा बल्ब कुठला दिसतोय?"

मोबाईल खाली घेतला. तिने आधी डावा, मग उजवा गाल दाखवायला लावला.

"लग्नातसुद्धा एवढे बरे दिसत नव्हता," ती म्हणाली. मग मागे वळून कोणाला तरी म्हणाली, "अश्विनी, तुझे बाबा ठणठणीत आहेत गं. तू खुशाल कामावर रुजू हो, मी थांबते." आणि मला, "चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणालो.

सव्वीस तारखेचं रिझर्व्हेशन सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रद्द झालं. भारती आता २७ एप्रिलला येणार. डावा गाल शून्य, उजवा गाल शून्य.