फुटाण्यासाठी सातपर्यंत

वाळवंटाच्या काठावरच्या गावात उन्हाळ्याचे सगळ्यात कडक चार आठवडे ‘मजेत घालवू’ असं जाहीर करणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर तो बायकोसमोर बोलून बसलेला असतो आणि आता त्याला माघार घेता येत नसते. माझं दुसरं होतं. (पहिलंही होतं, असं बायकोचं म्हणणं.)

कारण होतं फुटाणा. दोन महिन्यांचं, वाळूच्याच रंगाचं, दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना जाणारं कुत्र्याचं पिल्लू. ते बायकोनं आणलं. मी कडाडून विरोध केला होता, म्हणजे मनातल्या मनात दोनदा ‘नको’ म्हणालो होतो. आल्या दिवशीच ते भर दुपारी गच्चीवर पळालं आणि तापलेल्या फरशीवर चारही पाय लागताच टुणकन उडून थेट माझ्या पोटावर येऊन आदळलं. तापल्या वाळूत फुटाणा उडतो ना, अगदी तस्सं. नाव तिथंच ठरलं आणि माझा विरोधही तिथंच संपला.

पण जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं आणि भुवया वर केल्या. “एवढ्याशा जिवाला हा उन्हाळा झेपणं कठीण आहे. कुठं थंड हवेला पाठवता येईल का?”

बायको लगेच म्हणाली, “माझा भाऊ डोंगरात राहतो. तो शनिवारी येतोच आहे.”

माझ्या मेहुण्याकडे गेलेली वस्तू परत येत नाही. माझी छत्री सात वर्षं झाली, तिकडेच आहे. फुटाणा गेला असता तर ‘मुलांना फार लळा लागलाय हो’ एवढा निरोप तेवढा परत आला असता.

“कुठंही पाठवायची गरज नाही,” मी म्हणालो. (हा माझाच आवाज आहे हे मला जरा उशिरा कळलं.) “मी रजा टाकतो. हा उन्हाळा आम्ही दोघं मजेत घालवू.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. फ्रिजमध्ये मोबाइल ठेवून आणि खिशात लोण्याचा डबा घेऊन ऑफिसला गेलेल्या नवऱ्याकडे बायका जशा पाहतात, तसं. “ठीक आहे. शनिवारपर्यंत बघू. पण एक जरी गडबड केलीत, तर फुटाणा माझ्या भावाबरोबर जाणार. मग तोंड पाडून बसायचं नाही.”

डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितला. बाहेर नेण्याआधी पालथा हात रस्त्यावर टेकवायचा आणि सातपर्यंत मोजायचं. सातपर्यंत हात टिकला तर पिल्लाचे पाय टिकतील. हात आधी उचलावा लागला, तर पिल्लू घरात.

आता मी पडलो पाणीपुरवठा खात्यातला कारकून. एकोणीस वर्षं गळतीच्या तक्रारींच्या टेबलावर आहे. नियम म्हटला की मी तो पाळतो, शिवाय वहीत लिहूनही ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वापाचला मी आमच्या दारासमोर रस्त्याच्या मध्यभागी गुडघे टेकून, हात पालथा घालून बसलो होतो.

समोरच्या शिंपीणकाकू खिडकीत आल्या. “काय हरवलं हो?”

“काही नाही. मोजतोय.”

“काय मोजताय?”

“सात.”

“सात काय?”

“नुसतेच सात, काकू! पिल्लासाठी!”

काकूंनी खिडकी हळूच लोटून घेतली. नंतर कळलं, त्यांनी बायकोला फोन करून विचारलं होतं, “रजा त्यांनी स्वतःहून घेतलीये ना? की ऑफिसनं दिलीये?”

पण ती सकाळ! काय सांगू तुम्हाला. रस्ता संपतो तिथून वाळू सुरू होते, हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी तिला शिव्या घालत झाडून काढत आलोय. पण पहाटेची वाळू माठासारखी गार असते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी एका पिल्लानं दाखवलं. वाऱ्यानं तिच्यावर बारीक बारीक लाटा काढल्या होत्या आणि त्यावरून एक काळा किडा आपल्या पावलांची नक्षी उमटवत चालला होता. फुटाणा त्याच्या मागे नाक लावून निघाला, मी फुटाण्याच्या मागे. मग सूर्य वर आला. डोंगर नाही, झाड नाही, आडपडदा काहीच नाही. एवढा मोठा लाल गोळा सरळ जमिनीतून निघाला. दिवसभर एका जागी न टिकणारं ते पिल्लू खाली बसलं आणि तोंड उघडं टाकून पाहत राहिलं. मीही बसलो, आणि माझंही तोंड उघडंच होतं. इतकं अफाट काही तरी रोज माझ्या घरामागे घडत होतं आणि मी त्या वेळी घोरत होतो, याची मला खरोखर लाज वाटली.

दिवसाची मजा वेगळीच. घरातली सगळ्यात गार जागा कुठली, हे फुटाण्याला न चुकता कळायचं. नऊ वाजता पलंगाखाली, अकराला न्हाणीघराच्या दारामागे, एक वाजता ओट्याखाली सिंकच्या पाइपाला पाठ लावून. मी थक्क झालो. याला कुणी शिकवलं? मी वहीत तक्ता केला आणि त्याप्रमाणे मीही जागा बदलू लागलो. तिसऱ्या दिवशी बायको स्वयंपाकघरात आली तेव्हा माझं डोकं ओट्याखाली होतं आणि उरलेला मी बाहेर.

“अहो, पाइप गळतोय का?”

“नाही गं. एक वाजलाय ना!”

बायको मला ओलांडून कुकर लावायला गेली.

शुक्रवारपर्यंत एकही गडबड झाली नाही. मी मनातून फुटाण्याला आपल्या घरी कायमचा धरून चाललो होतो.

शनिवारी सकाळी मेहुणा आला. माणूस भला, पण काडीसारखा. वाऱ्यानं दार आपटलं तरी त्याला धरावं लागेल असा. बायको म्हणाली, “तो आंघोळीला जातोय. त्याला नळाचं तेवढं सांगा.”

नळाचं म्हणजे असं. आमच्याकडे उन्हाळ्यात नळांची अदलाबदल होते. गच्चीवरची काळी टाकी इतकी तापते की रात्रभरही निवत नाही, आणि गार पाण्याच्या निळ्या नळातून चहा टाकावा असं पाणी येतं. उलट गीझर आम्ही बंद ठेवतो. त्यातलं पाणी घरात सावलीला राहून निवतं, म्हणून लाल नळ गार. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. डोंगरातल्या मेहुण्याला ते सांगायचं एवढं एकच काम माझ्यावर होतं.

आणि नेमका तेव्हाच फुटाण्यानं पहिल्यांदा मागच्या पायानं कान खाजवला. तोल जाऊन पडला, उठला, पुन्हा खाजवला. मी पाहतच राहिलो.

न्हाणीघरातून किंकाळी आली. “ताईऽऽ! मेलो गंऽऽ!”

“निळा नळ!” बायको ओरडली. “अहो, सांगितलं नाहीत?”

“बंद कर म्हणावं त्याला!”

“फिरतच नाही हो, भाऊजी! हातात आला!” आतून मेहुणा.

पाणीपुरवठ्याचा माणूस शेवटी कामाला आला. मी धावत बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर गेलो, टाकीचा कॉक बंद केला आणि विजयी वीरासारखा खाली उतरलो. शेवटच्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच खिडकीतून बायकोचा आवाज आला. “अहो, दार उघडं टाकून गेलात! फुटाणा घरात नाहीये!”

साडेआठ वाजले होते. वहीतल्या शुक्रवारच्या नोंदीप्रमाणे हात साडेआठला पाच अंकांपर्यंत टिकत होता, नऊला दोनच. म्हणजे माझ्याकडे अर्धा तास होता. त्यानंतर तो रस्ता म्हणजे तवा.

वाळूच्या बाजूलाच गेला असणार! मी रस्त्यानं सरळ सूर्याच्या दिशेनं धावत सुटलो. (‘धावत’ हा शब्द माझ्या बाबतीत अंदाजानं घ्यावा.) समोरून ऊन असं डोळ्यांत घुसत होतं की दोन हातांपलीकडचं दिसेना. “फुटाण्याऽऽ!” मी ओरडलो. कुठून तरी बारीक ‘भू’ ऐकू आलं. मी मान वळवून मागे पाहिलं. रस्ता मोकळा. भास झाला असावा.

शिंपीणकाकूंच्या दारात मी गुडघे टेकले, हात पालथा घातला. एक, दोन, तीन, चार, पाच. उचलला. उठलो तर डावी चप्पल उचलेना. डांबर वितळायला लागलं वाटतं! मी जोर लावून पाय ओढला आणि पुढे निघालो.

“अहो, मागे!” काकू खिडकीतून ओरडल्या.

“मागे जाऊन कसं चालेल, काकू? तो पुढे गेलाय!”

“अहो, तसं नव्हे...”

ऐकायला वेळ कुणाला होता? कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर पुन्हा हात टेकला. चार. आता उजवी चप्पलही चिकटत होती. पंक्चरवाला हातातली ट्यूब टाकून उभा राहिला होता आणि पोट धरून माझ्याकडे बोट दाखवत होता. दुसऱ्याच्या दुःखावर असं हसणारी माणसं असतात, हे मी त्या क्षणी लक्षात ठेवलं.

रस्ता संपला. पुढे नुसती वाळू, आणि तिच्यावर पावलाची एक खूण नाही. मी हात टेकला. एक, दोन, तीन... आणि मला पुढे मोजवेना. चटक्यानं नाही. एवढासा तो जीव, त्यानं मला सूर्य दाखवला, आणि मी त्याला एक दार लावून सांभाळू शकलो नाही! मेहुण्यानं नेलं असतं तरी चाललं असतं, छत्रीसारखं कायमचं ठेवून घेतलं असतं तरी चाललं असतं, पण तो जगला असता. मी तिथंच फतकल मारून बसलो आणि खरं सांगतो, ढसाढसा रडलो.

तेवढ्यात माझ्या कंबरेला काही तरी गार आणि ओलं लागलं.

मी असा ओरडलो की ते डोंगरातही ऐकू गेलं असेल. वळून पाहतो तर माझ्या पाठीमागे, माझ्या सावलीच्या बरोबर मध्यभागी, फुटाणा बसला होता. तो जिन्यावरही माझ्या मागे आला होता आणि तिथून इथवर एक पाऊलही सावलीबाहेर पडला नव्हता. मी थांबलो की तो माझ्या चपलेच्या मागच्या भागावर चढून बसत होता. मला मात्र ते डांबर वाटत होतं.

मी त्याला उचलून छातीशी धरलं. जगात माझ्या पावलावर पाऊल टाकून कुणी आजवर चाललं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा मेहुणा पाठीला ओला टॉवेल गुंडाळून उभा होता. त्याच्या पाठीला आणि फुटाण्याच्या पायांना काही झालं नाही ना, हे बघायला बायकोनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. (दोन्ही पेशंट त्यांनी त्याच क्रमानं तपासले नाहीत.) फुटाण्याचे चारही तळवे ठणठणीत निघाले. मेहुण्याचीही पाठ नुसती लाल झाली होती.

“पाहिलंत?” मी म्हणालो. “किती जीव आहे त्याचा माझ्यावर! दुसरं कुणी असतं तर आला असता का एवढा मागोमाग?”

“बघू या की,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी मेहुण्याला अंगणात चार पावलं चालायला लावलं. फुटाणा उत्साहानं त्याच्या मागे निघाला, त्याच्या त्या दोरीएवढ्या सावलीकडे त्यानं एकदा निरखून पाहिलं, आणि वळून माझ्या मागे येऊन पसरला.

बायको हसून हसून पायरीवर बसली. डोळे पुसत भावाला म्हणाली, “राहू दे रे त्याला इथंच. तुझ्याकडे त्याची सोय व्हायची नाही.”

“भाऊजी, तुमची ती छत्री पाठवून देऊ का मग?” मेहुण्यानं विचारलं.

“कशाला?” बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी फुटाण्याचं कार्ड काढलं. त्यात एक रकाना होता, ‘घरी सावलीची सोय’. पहिल्या भेटीत त्यांनी तो रिकामाच ठेवला होता. आता त्यांनी मला खालपासून वरपर्यंत आणि मग डावीकडून उजवीकडे नीट पाहून घेतलं, पेनचं टोपण उघडलं आणि लिहिलं: ‘भरपूर.’