डाव्या पंखाची अठरा पिसं

मोखाड्याच्या एका कचेरीत कारकून असलेल्या तुळशीदासनं शिरपामाळच्या पारंपरिक तिरंदाजी स्पर्धेत नाव दिलं. अट एकच, बाण स्वतः बनवलेले हवेत. तुळशीदासनं आयुष्यात पेन्सिलीखेरीज कशालाही टोक काढलं नव्हतं (तीही मोडायची). म्हणून तो सासऱ्यांकडे गेला. भिकाबाबांनी तरुणपणी बाणानं ससे मारले होते.

"वेळू लांब पेराचा बघायचा," बाबा म्हणाले. "सावलीत वाळवायचा. वाकला तर निखाऱ्यावर शेकून सरळ करायचा. आन् पिसं तीन, एकाच पंखाची. डावी-उजवी मिसळलीस तर बाण भरकटतो."

"पिसं कुठली?"

"रानात गळलेली. आम्ही महिना महिना वेचायचो."

स्पर्धा परवावर आली होती, आणि शेजारच्या नवशीमावशीचा तांबडा कोंबडा कुंपणावरच बसला होता. सहा बाण, प्रत्येकी तीन, म्हणजे अठरा. तुळशीदासनं अख्खा डावा पंख साफ केला. (हिशेबात तो पक्का.)

स्पर्धेच्या सकाळी मावशी कोंबडा काखेत घेऊन दारात उभी. "ह्यो नवसाचा रं! उद्या द्यायचा. अर्धा कोंबडा देव घेल का?"

"परत लावून देतो," तुळशीदास घाईनं म्हणाला.

"अहो, पिसं आहेत ती, शर्टाची बटणं नाहीत," त्याची बायको मीना म्हणाली.

पण त्यानं बाणांची पिसं उपटून पंक्चरच्या सोल्युशननं कोंबड्याला चिकटवली. पिसं चिकटली. तुळशीदासचा डावा हातही चिकटला. मीनानं गोडेतेल चोळलं, गरम पाणी ओतलं. कोंबडा सुटेना, फक्त घरभर रश्श्याचा वास सुटला.

शेवटी तसाच तो जीपमध्ये बसला. ड्रायव्हरनं कोंबड्याला खिडकीची जागा दिली. मागच्या सीटवर कोंबड्याच्या काळजीनं मावशी, आणि जावयाच्या लाजेनं तोंड फिरवून बसलेले भिकाबाबा.

मैदानात नाव पुकारलं. तुळशीदासनं डाव्या हातात धनुष्य आणि कोंबडा दोन्ही धरून बिनपिसाचा बाण ओढला. दोरी टणत्कारली, कोंबडा किंचाळून फडफडला, बाण सरळ आभाळात गेला आणि खाली येताना प्रमुख पाहुण्यांच्या फेट्यात रुतला. त्या हिसक्यात हात सुटला. कोंबडा उडी मारून स्टेजवर चढला, माईकसमोर उभा राहिला आणि आरवला. टाळ्या थांबेनात.

मावशीचे डोळे भरून आले. "येवढा मान मिळवला त्यानं, आता कसा कापू? देवाला नारळ देते."

तुळशीदासला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटोही आला. खाली लिहिलं होतं, 'स्पर्धेचं आकर्षण ठरलेला तांबडा कोंबडा, सोबत त्याचा मदतनीस.'