विश्वाचं डोकं चपटं निघालं त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, फार आत जायचं नाही, कडेच्याच बिळात धवली ससीण राहायची. तिचं बाळ दोन महिन्यांचं. बाळ गोड होतं, पण डोकं मागून चपटं.

सासू म्हणाली, "डोकं गोल होईपर्यंत बारसं नाही. एकाच कुशीवर निजवलंस ना?"

"नाही हो आत्याबाई. रात्रीतून सात वेळा कूस बदलते."

"आणि आठव्यांदा?"

बाळाला नाव नाही, म्हणून हरिणी नर्स डोसाचं कार्ड देईना. कार्ड नाही, म्हणून डोस नाही. 

धवली तोडगा विचारायला विश्वंभरगुरुजींकडे गेली. गुरुजी म्हणजे घुबड, पण शिकलेलं. आकाशाकडे पत्र्याचा भलामोठा कर्णा लावून बसायचे. विश्व जन्मलं तेव्हाची ऊब अजून चहूकडून येते म्हणे. ती कर्ण्यात धरून त्यांनी तिचा फोटो काढला होता.

"हा विश्वाचा तान्हेपणीचा फोटो," गुरुजी म्हणाले.

"अगं बाई, याला तर गोवर आलाय."

"गोवर नाही. कुठे ऊब जरा जास्त, कुठे जरा कमी, त्याचे ठिपके. ते मोठे दिसले असते तर विश्व चेंडूसारखं. बारीक दिसले असते तर खोगिरासारखं. हे बेताचे आहेत. म्हणजे विश्व सपाट."

"मागूनच, की सगळंच?"

"सगळंच."

धवलीला इतकं बरं वाटलं. फोटो घेऊन ती पळत घरी आली. "बघा आत्याबाई, एवढं मोठं विश्व, तेही चपटंच. काय अडलंय का त्याचं?"

सासूने फोटो उलटा धरून नीट पाहिला. "याची आई कुठे होती?"

धवली पुन्हा गुरुजींकडे धावली, धापा टाकत परत आली. "याला आईच नव्हती म्हणे."

सासूच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिनआईचं लेकरू ते. त्याचं डोकं चपटं होणारच. आमच्या बाळाला काय कमी होतं?"

बाळाचं नाव ठेवायचं राहिलंच. डोकं गोल व्हावं म्हणून विश्वासाठी मोहरीची उशी शिवायला जंगलातल्या साऱ्या बायका बसल्या. मोहरी निवडायचं काम धवलीकडे आलं. तिने मान खाली घातली, तोच सासू म्हणाली, "आणि बाळाकडे कोण बघतंय?"

तात्पर्य : विश्वाचा आकार ठरवायला ठिपके मोजावे लागतात. नावं ठेवायला काहीच मोजावं लागत नाही, फक्त आई हाताशी असावी लागते. म्हणून बाळांनो, जन्माला यायचंच असेल तर विश्वासारखं यावं.