वलयांची वसाहत

दातांच्या डॉक्टरांनी आरशाची दुर्बीण घेतली आणि त्याच दिवशी सासऱ्यांना सांगून टाकलं, "पुढच्या रविवारपर्यंत तेजोमेघाचा फोटो तुमच्या हातात ठेवतो." सासरे निवृत्त इंजिनड्रायव्हर. जावयाचं कौतुक त्यांनी आजवर केलं नव्हतं. त्यांची अक्कलदाढ जावयानं अलगद काढली, तेव्हासुद्धा म्हणाले होते, "उपटायला काय लागतं?"

हा तेजोमेघ म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यानं अंगावरचा वायू झटकून भोवती सोडलेलं वलय. इवलंसं, पुसट. डॉक्टरांनी परसात दुर्बीण मांडली, तिला कॅमेरा जोडला, डासांना पोटभर रक्त पाजलं आणि बऱ्याच खटपटीनंतर पडद्यावर एक वलय उमटलं. शेजारी दुसरं. बघता बघता पडदा वलयांनी भरून गेला.

ते धावत घरात आले. "अगं, ऊठ. एक शोधायला गेलो, अख्खी वसाहत सापडली."

"सगळी एकसारखी कशी?" बायकोनं झोपेतच विचारलं.

"भावंडं असतील," म्हणत डॉक्टर फोटो सासऱ्यांना पाठवून मोकळे झाले.

सासऱ्यांनी फोटो मोठा करून घेतला, चौकटीत बसवला आणि आपल्या बैठकीत टांगला. "जगात कुणाला दिसलं नाही ते आमच्या जावयांना दिसलं," असं ते येईल त्याला सांगू लागले. डॉक्टरही पेशंटना आ करायला लावून आकाशाबद्दल बोलत. बिचाऱ्यांना विषय बदलता येत नसे.

बायकोला मात्र चैन पडेना. एका रात्री डॉक्टर दुर्बीण लावून बसले असताना ती परसात आली आणि दुर्बिणीची फिरकी हळूहळू फिरवू लागली. वलयं आकसत गेली आणि त्यांचे ठिपके झाले. साधे तारे.

"तू फोकसच केला नव्हतास. आरशाच्या दुर्बिणीत फोकस नसला की प्रत्येक तारा असा कड्यासारखा दिसतो," ती म्हणाली.

डॉक्टर मटकन पायरीवर बसले. "आता बाबांना काय तोंड दाखवू?"

"थांब जरा. या एकाचा ठिपका होत नाहीये."

दोघांनी डोक्याला डोकं लावून पडद्याकडे पाहिलं. ताऱ्यांच्या गर्दीत मसुराएवढं निळसर वलय, कडेला किंचित लाली. खरंखुरं. तिनं त्यांचा गार पडलेला हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नवा फोटो घेऊन सासऱ्यांकडे गेले आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांनी चष्मा पुढेमागे करत फोटो बराच वेळ न्याहाळला.

"छान आहे," ते म्हणाले. जावयाच्या तोंडावर, आयुष्यात पहिल्यांदा. डॉक्टरांनी मान वर केली.

"पण आधी ढीगभर काढली होतीत, आता एकावर आलात. एवढ्यात कंटाळलात होय?"