नेमणूक की वारसा?

जर्मनीत हायडेलबर्गला माझ्या शेजारच्या खोलीत राहणारे वामनराव टिळेकर कुणालाही पहिला प्रश्न एकच विचारत, “नेमणूक की वारसा?” कोपऱ्यावरच्या बेकरीवालीला विचारलं, तर दुकान आजोबांपासूनचं निघालं. “म्हणजे सरंजामशाही,” असं हळहळत त्यांनी ब्रेड घेतला.

चीनच्या बादशहाने मुलूख सरदारांना वाटून द्यावा, की पगारी अधिकारी नेमून स्वतः चालवावा, यावर ते आठ वर्षं प्रबंध लिहीत होते. कल अधिकाऱ्यांकडे. सरदार माजतात, म्हणायचे. आमच्या सहाजणांच्या फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा ठरलेला होता. ती वतनं त्यांनी खालसा केली. दर पंधरवड्याला नेमणुका, मग बदल्या. चीनमध्ये अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमत नसत, म्हणून माझा कप्पा मी सांभाळायचा नाही. महिन्याभरात आईने पाठवलेलं लोणचं दोन अंमलांखालून गेलं आणि संपलं.

“आल्झो, तर मग,” वामनराव शांतपणे जर्मन थाटात म्हणाले, “अधिकाऱ्यांचा हाच दोष. मुलूख आपला नाही, मग ओरबाडा.” त्याच दुपारी त्यांनी हे प्रबंधात घातलं.

असा तो प्रबंध संपेना. दरम्यान त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांना विषय नको होता. स्कॉलरशिप थांबली. पंचेचाळिशीचे वामनराव एका हॉटेलात भांडी घासू लागले. सांगलीहून भाऊ व्हॉट्सअॅपवर परत बोलवायचा. ते वाचायचे आणि फोन पालथा ठेवायचे.

झालंय तेवढं बांधून देऊन टाका आणि घरी जा, असं मी एकदा न राहवून म्हटलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “बुधवारी चल माझ्याबरोबर.”

बसने आम्ही गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात गेलो. त्या प्राध्यापकबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी वामनरावांना ओळखलं नाही. वामनरावांनी वाकून नाव सांगितलं, आपण नवीन विद्यार्थी आहोत म्हणाले, आणि तासभर एक प्रकरण वाचून दाखवलं. बाई मध्येच बोट वर करत. ते थांबून समासात खूण करत.

निघताना बाई म्हणाल्या, “विषय चांगला आहे. मी घेते तुम्हाला.”

वामनरावांचे डोळे भरून आले. त्यांनी आभार मानले.

दर बुधवारी असंच म्हणतात का, मी बसस्टॉपवर विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “गेले दोन बुधवार नको म्हणाल्या होत्या.”